दहा हजारांचा नवरा आणि हंगामातली मासळी

परवा कचेरीत जेवणाच्या सुट्टीत एक गंमत झाली. माझ्या टेबलावर फायलींच्या ढिगाखाली एक पुस्तक होते. शेजारच्या सहकाऱ्याने ते ओढून काढले. मुखपृष्ठावर लांब झगा घातलेली एक गोरी तरुणी, तिच्यामागे उंच बुटातला एक रुबाबदार गृहस्थ आणि वर मेणबत्त्यांचे झुंबर. "अरे, हे तू वाचतोस? ही तर बायकांची पुस्तके!" असे म्हणत त्याने ते सगळ्या सेक्शनला फिरवून दाखवले. सगळे हसले, मीही हसलो आणि वेळ मारून नेली. पण संध्याकाळी कदंबात खिडकीजवळ बसल्यावर मनात आले, की आपण वेळ का मारून नेली? पंचेचाळिशीला आलेल्या यूडीसीने प्रेमकादंबरी वाचली म्हणून कोणती आचारसंहिता मोडते? उत्तर द्यायला हवे होते. वाचकहो, ते उत्तर आज इथे देतो आहे. थोडे लांबेल, सांभाळून घ्या.

पुस्तक होते जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेचे 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट'. १९६१ साली लिहिलेले, पण कथा १८१४-१५ ची. अशा कादंबऱ्यांना 'रीजन्सी' कादंबऱ्या म्हणतात. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज मनोविकारामुळे राज्य चालवण्यास असमर्थ ठरला, तेव्हा १८११ साली त्याच्या मुलाला रीजंट, म्हणजे राजाच्या नावाने कारभार पाहणारा, नेमण्यात आले. १८२० साली राजा वारला आणि हाच मुलगा चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला. मधली ही नऊ-दहा वर्षे म्हणजे रीजन्सी. जेन ऑस्टिनच्या सहाही कादंबऱ्या या काळात छापून आल्या. पहिली 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' १८११ साली, 'प्राइड अँड प्रेज्युडिस' २८ जानेवारी १८१३ रोजी, आणि शेवटच्या दोन तिच्या मृत्यूनंतर डिसेंबर १८१७ मध्ये. ती गेली तेव्हा फक्त ४१ वर्षांची होती. तिच्या हयातीत एकाही पुस्तकावर तिचे नाव छापले गेले नाही. पहिल्या पुस्तकावर 'एका स्त्रीने लिहिलेले' एवढाच उल्लेख होता.

हा काळ आपल्यापासून फार दूरचा वाटतो, पण तितका दूर नाही. ऑस्टिनची शेवटची पुस्तके लंडनच्या दुकानांत आली त्याच्या महिनाभर आधी पुण्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले होते. आणि आपल्या गोव्यात? नेपोलियनच्या भीतीने इंग्रजांनी १७९९ पासून १८१३ च्या सुमारापर्यंत इथे आपली फौज आणून ठेवली होती. आग्वाद आणि काबो इथे त्यांचे सैनिक होते. दोना पावलाला इंग्रजांची जुनी स्मशानभूमी आहे, ती त्याच दिवसांची खूण. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये धाकट्या बहिणी ज्या लाल डगल्यांच्या मागे वेड्या होतात, तसेच लाल डगले तेव्हा आपल्या पणजीच्या आसपास फिरत होते. एलिझाबेथ बेनेटची कथा इंग्लंडात छापून येत होती त्याच सुमारास ते इथून परत चालले होते.

ऑस्टिनने लिहिला तो तिचा वर्तमानकाळ. हेयरने (१९०२-१९७४) लिहिला तो इतिहास, तोही झपाटून अभ्यास करून. कपडे, घोडागाड्या, शिव्या, बोलीतले वाक्प्रचार यांच्या तिने वह्याच्या वह्या भरल्या होत्या. १९३५ च्या 'रीजन्सी बक'पासून तिने या प्रकाराला जे वळण दिले, त्यावर आजही शेकडो लेखिका लिहीत आहेत. ज्युलिया क्विनची 'ब्रिजर्टन' मालिका २००० साली सुरू झाली, डिसेंबर २०२० मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली, आणि ज्यांनी ऑस्टिनचे एक पानही वाचलेले नाही अशी मुलेमुली टाळेबंदीच्या त्या दिवसांत ड्यूक आणि डचेसच्या गोष्टी करू लागली. त्याआधी १९९५ ची बीबीसीची मालिका होती, २००५ चा चित्रपट होता. आपल्याकडे 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'वरून २००० साली तामिळ चित्रपट आला, 'एमा'वरून २०१० साली 'आयशा' आला. आणि २००४ च्या 'ब्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये तर अमृतसरचे बक्षी कुटुंब आणि अमेरिकन डार्सी यांची स्वारी गोव्याच्या किनाऱ्यावर येऊन नाचगाणे करून जाते!

आता माझ्या सहकाऱ्याच्या पहिल्या आरोपाचा निकाल लावू. बायकांची पुस्तके? रुडयार्ड किपलिंगने १९२४ साली 'द जेनाइट्स' नावाची कथा लिहिली. तिच्यात पहिल्या महायुद्धातले तोफखान्याचे सैनिक जेन ऑस्टिनच्या भक्तांचे एक गुप्त मंडळ चालवतात. १९४३ च्या डिसेंबरात चर्चिल न्यूमोनियाने आजारी पडला होता, महायुद्ध ऐन भरात होते, तेव्हा तो मुलीकडून 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचून घेत होता. त्याला चालते तर मला कदंब बसमध्ये का चालू नये? आणि समजा, असतील बायकांची पुस्तके. म्हणून ती हलकी कशी ठरतात? मला वाचनाची गोडी माझ्या ताईने लावली. ती वाचनालयातून शांताबाई शेळक्यांची 'चौघीजणी' आणायची, योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे आणायची, आणि मला अर्धे पुस्तक वाचून दाखवून बाकीचे 'तू वाच' म्हणून द्यायची. बायका काय वाचतात हे ज्याने कधी पाहिलेच नाही, त्याने त्यावर मत देऊ नये.

दुसरा आरोप जास्त वजनदार आहे. या कादंबऱ्यांचा शेवट पहिल्या पानावरच कळतो, मग वाचायचे कशाला? यावर माझा उलट प्रश्न आहे. आपण 'सौभद्र' कशाला पाहतो? अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते १८८२ साली रंगभूमीवर आणले. सुभद्रा अर्जुनालाच मिळणार, बलरामदादाचा बेत फसणार आणि कृष्ण मिशीत हसणार, हे जत्रेला आलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तरी आपल्या देवळांच्या मांडवात लोक थंडीत कानटोपी घालून पहाटेपर्यंत बसत आले आहेत. काय होणार याची उत्सुकता तिथे नसतेच. ते कसे होते, कोण कुणाला कोणत्या शब्दांत काय सुनावतो, राग कसा वितळतो, ते पाहायचे असते. शेवट ठरलेला असला की मन निवांत होते, आणि निवांत मनाला बारीकसारीक गोष्टी दिसू लागतात. रीजन्सी कादंबरीचे तसेच आहे. शेवट ठाऊक असल्यामुळेच वाचक वाक्यावाक्याकडे लक्ष देतो.

आणि त्या काळात वाक्यालाच सगळी किंमत होती. अविवाहित मुलगा आणि मुलगी यांना एकांत नाही, पत्रव्यवहार नाही, हात धरायचा तर तो फक्त नाचाच्या रांगेत, चारचौघांदेखत. मग मनातले पोहोचवायचे कसे? एका वाक्यातून, एका थांबण्यातून. 'पर्स्वेशन' या कादंबरीतली अॅन इलियट २७ वर्षांची आहे. आठ वर्षांपूर्वी घरच्यांच्या आणि हितचिंतक बाईंच्या सांगण्यावरून तिने एका गरीब नौदल अधिकाऱ्याला नकार दिला. तो आता कॅप्टन होऊन, शत्रूची जहाजे पकडल्याच्या बक्षिसातून २५,००० पौंड मिळवून परत आला आहे, आणि तिच्याशी परक्यासारखा वागतो. पुढची जवळजवळ सगळी कादंबरी दोघे एकाच खोलीत असतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. एवढ्या न बोलण्यावर अख्खे पुस्तक उभे राहते. सकाळी मेसेज, दुपारी 'ब्लू टिक' आणि संध्याकाळी भांडण, अशा आजच्या दिवसांत तो संयम वाचताना छातीवर दडपण येते आणि बरेही वाटते.

हे आपल्याला इंग्रज वाचकापेक्षा जास्त कळते, असे माझे मत आहे. त्यांच्यासाठी तो दोन शतकांपूर्वीचा संग्रहालयातला देखावा आहे. आपण अजून त्यातून पुरते बाहेर पडलेलो नाही. पाहण्याचा कार्यक्रम, कांदेपोह्यांची बशी, "मुलाला काही विचारायचे असेल तर विचार हं" असे सांगून सगळ्यांनी पाच मिनिटे बाल्कनीत जाणे, आत्याबाईंचे जोडून देण्याचे उद्योग, शेजारणीने मोजलेली मुलीची वये, हे सगळे ऑस्टिनबाई आपल्या वाड्यावर राहून लिहून गेल्यासारखे वाटते. मिसेस बेनेट मला गोव्यातल्या किमान चार घरांत भेटलेली आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या कादंबऱ्यांना जो 'स्वप्नाळू' म्हणतो, त्याने त्या नीट वाचलेल्या नाहीत. त्या हिशोबाच्या वह्या आहेत. प्रत्येक पात्र आत येते ते आपला आकडा घेऊन. डार्सी वर्षाला १०,००० पौंडांचा, बिंगली चार-पाच हजारांचा. बेनेटसाहेबांच्या इस्टेटीचे उत्पन्न २,००० पौंड, पण ती इस्टेट फक्त पुरुष वारसाकडे जाणार अशी बांधून ठेवलेली. पाच मुली, मुलगा नाही. म्हणजे बाप मेला की घर दूरच्या पुतण्याचे, मिस्टर कॉलिन्सचे. आईजवळ ५,००० पौंड, ते तिच्या पश्चात पाचजणींत वाटले तर प्रत्येकीला १,०००. एलिझाबेथच्या हातात आयुष्यभराची शाश्वती म्हणून फक्त तेवढे आहे. आपल्याकडे १०,००० पौंडांच्या जागी 'सरकारी नोकरी' हे दोन शब्द घाला, हिशोब जुळतो. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या चेहऱ्याकडे कुणी फारसे पाहिले नाही. ऑर्डरची झेरॉक्स मात्र दोघांनी पाहिली होती.

हा आकडा ठाऊक असला म्हणजेच एलिझाबेथच्या 'नाही'ची किंमत कळते. कॉलिन्स मागणी घालतो, ती नाही म्हणते. त्या एका शब्दाने तिने आपले राहते घर, आईचे म्हातारपण आणि चार बहिणींचे छप्पर पणाला लावले आहे. पुढे डार्सी मागणी घालतो, तीही 'तुझे घराणे हलके, तरी मी उपकार करतो' अशा सुरात. १०,००० पौंडांनाही ती नाही म्हणते. ऑस्टिनला हे कुणी शिकवावे लागले नाही. डिसेंबर १८०२ मध्ये एका सधन घरच्या मुलाला तिने स्वतः होकार दिला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला होता. १८०५ साली वडील वारले आणि आई व दोन बहिणी भावांच्या मदतीवर अवलंबून राहिल्या. १८०९ मध्ये चॉटन गावी एका भावाने घर दिले तेव्हा कुठे तिला स्थिरपणे लिहायला मिळाले. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे सगळे हक्क तिने ११० पौंडांना विकले. मागितले होते १५०.

आणि जिला नाही म्हणता येत नाही तिच्यावरही ऑस्टिन दात काढत नाही. शार्लट लुकस २७ वर्षांची आहे, रूप नाही, पैसा नाही. एलिझाबेथने नाकारलेला कॉलिन्स ती डोळे उघडे ठेवून पत्करते. मग संसारात काय करते? स्वतःच्या बसण्यासाठी ती घरामागची खोली निवडते. नवऱ्याची खोली रस्त्याच्या बाजूला, तिथून येणाजाणारे दिसतात, म्हणून तो तिकडेच रमतो आणि हिला दिवसाचे काही तास शांतता मिळते. हा तपशील वाचून मला आमच्या गल्लीतल्या किती वहिनी आठवल्या म्हणून सांगू!

हेयरच्या ज्या पुस्तकावरून आमच्या सेक्शनमध्ये हशा पिकला, त्याची कथाही ऐका. लढाईतून परतलेल्या अॅडमच्या वडिलांनी कर्जाचा डोंगर ठेवला आहे. त्याचे प्रेम सुंदर ज्युलियावर. पण घर वाचवण्यासाठी तो एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या साध्या, थोड्या जाडसर मुलीशी, जेनीशी, लग्न करतो. शेवटी सुंदर नायिका मिळते असे तुम्हाला वाटले असेल. मिळत नाही. जेनी त्याच्या आवडीनिवडी लक्षात ठेवते, घर लावते, आपल्या बापाच्या अवाढव्य भेटींपासून नवऱ्याचा मान राखते, आणि हळूहळू त्याला कळते की ज्युलिया हे स्वप्न होते, घर जेनीमुळे आहे. ठरवून केलेल्या लग्नात प्रेम कसे उगवते यावर इतके खरे मी मराठीत फार थोडे वाचले आहे. आणि हे लिहिले एका इंग्रज बाईने, प्रेमकादंबरी म्हणून.

मराठीवरून आठवले. ऐतिहासिक प्रेमकथेचे वेड आपल्यालाही आहेच. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली. थोरले माधवराव आणि रमाबाई यांची ती कथा किती घरांत पारायणासारखी वाचली गेली! मीही डोळे पुसत वाचली आहे. ना. सं. इनामदारांची 'राऊ' वाचली आहे. पण वय वाढल्यावर एक गोष्ट खुपू लागली. आपल्या या थोर प्रेमकथांत स्त्रीचा मोठेपणा कशात दिसतो? सोसण्यात आणि शेवटी स्वतःला संपवण्यात. १७७२ साली थेऊरला रमाबाई सती गेल्या, तो इतिहासच आहे, लेखकाचा त्यात दोष नाही. पण आपण वाचक त्या चितेपाशी येऊन हात जोडतो आणि त्यालाच प्रेमाची परिसीमा म्हणतो. त्यानंतर अवघ्या चाळीस वर्षांनी छापलेल्या एका इंग्रज पुस्तकात नायिकेचा मोठेपणा तिच्या पारख करण्यात आहे. ती माणसे ओळखायला चुकते, चूक कबूल करते, पुन्हा पारखते आणि मग हो म्हणते. आमच्या मुलींनी दोन्ही वाचावे. पण कशाला हात जोडायचे ते त्यांनी ठरवावे. आपल्याकडे बाजू घेणारे नव्हते असे नाही. देवलांच्या 'शारदा'ने १८९९ साली पैशासाठी म्हाताऱ्याला मुलगी देण्याचा बाजार भर रंगभूमीवर मांडला होताच.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे भक्ताची आरती होईल. या पुस्तकांतले १०,००० पौंड येतात कुठून हे पुस्तके क्वचितच सांगतात. 'मॅन्सफील्ड पार्क'मधल्या सर थॉमसची मिळकत अँटिग्वा बेटावर आहे, म्हणजे गुलामांच्या श्रमावर. एडवर्ड सैद यांनी १९९३ साली 'कल्चर अँड इम्पीरियालिझम'मध्ये त्यावर बोट ठेवले. चहा कुणी केला, चिखलाने भरलेला झगा कुणी धुतला, हे जवळजवळ कुठेच येत नाही. हेयरच्या 'द ग्रँड सोफी'त (१९५०) ज्यू सावकाराचे जे चित्र आहे ते वाचताना मान खाली जाते; युरोपात ज्यूंचा संहार होऊन तेव्हा पाच वर्षेही नीट झाली नव्हती. आणि आजच्या असंख्य रीजन्सी कादंबऱ्यांत इतके ड्यूक आहेत की तेवढे ठेवायला इंग्लंड पुरणार नाही. हे सगळे खरे आहे. भाटकाराच्या घराच्या सज्जातून दिसणारे जग सुंदरच असते, मुंडकाराच्या खोपीतून ते कसे दिसते हे वेगळे लिहावे लागते. पण म्हणून सज्जातली बाई खोटे बोलते असे होत नाही. ती तिच्यापुरते खरे बोलते, आणि ऑस्टिन तर आपल्याच माणसांना सोडत नाही.

मला तरी तिने सोडले नाही. ते सांगतो आणि थांबतो.

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चे दुसरे प्रकरण. जॉन डॅशवुडने मरणाऱ्या बापाला शब्द दिला आहे, की सावत्र आई आणि तिन्ही सावत्र बहिणींना पाहीन. इस्टेट याला मिळाली आहे. तो ठरवतो, बहिणींना मिळून ३,००० पौंड द्यावेत. माणूस वाईट नाही. मग बायको, फॅनी, बोलू लागते. एवढे कशाला? ठीक, निम्मे. त्यापेक्षा आईला वर्षाला १०० पौंड? पण म्हातारी फार जगली तर? मग अधूनमधून ५० पौंडांची भेट द्यावी. शेवटी दोघांचे एकमत होते, की वडिलांना पैसा अभिप्रेत नव्हताच. घर बदलायला मदत करावी आणि हंगामात मासळी, शिकार पाठवावी. पाच-सहा पानांत ३,००० पौंडांची मासळी होते. आणि कुणी कुणावर आवाज चढवत नाही, कुणाला आपण पाप करतो असे वाटत नाही. प्रकरण वाचून मी मोठ्याने हसलो होतो.

माझी नोकरी अशा कचेरीत आहे जिथे हक्कसोडीचे दस्त होतात. आपल्या गोव्याचा कायदा तुम्हाला माहीतच आहे. पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा १८७० पासून इथे लागू झाला. मुलगा-मुलगी सारखे वारस. बापाने मृत्युपत्र केले तरी मुलांना डावलून अर्ध्याहून अधिक मालमत्ता दुसऱ्याला देता येत नाही. २०१२ चा नवा वारसा कायदा २०१६ पासून अमलात आला, त्यानेही हे तत्त्व ठेवले. उर्वरित भारतात सर्वत्र हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळायला २००५ साल उजाडले. बेनेटच्या पाच मुली गोव्यात जन्मल्या असत्या तर कॉलिन्सला पायरीवरूनच परत जावे लागले असते! याचा आपल्याला अभिमान आहे, असावाच. पण माझ्या टेबलासमोर काय होते? भाऊ फाइल घेऊन उभा असतो, बहिणी रांगेत बाकावर बसलेल्या असतात, आणि एकेक येऊन सही करून जाते. कुणी धमकावलेले नसते. सही झाल्यावर भाऊ सगळ्यांना समोरच्या हॉटेलात चहा-भजी देतो. कायद्याने दिलेले एका दुपारी प्रेमाने परत घेतले जाते.

माझ्या ताईनेही सही केली आहे. आई-वडील दोघेही गेल्यावर, घर आणि माडांचे लहानसे भाट माझ्या नावावर होण्यासाठी. मी मागितले नव्हते असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत होतो. खरे म्हणजे कागद मीच तयार करून आणले होते. ती वाचतही नव्हती. "म्हाका कित्याक तें?" एवढेच म्हणाली आणि सही केली. तेव्हापासून दर चतुर्थीला मी तिच्याकडे घरच्या माडाचे दोन डझन नारळ पाठवतो. मे महिन्यात मानकुराद आंब्यांची पेटी. आणि दरवेळी मला वाटायचे, बहिणीचे आपण किती करतो.

ते प्रकरण दुसऱ्यांदा वाचताना मला हसू आले नाही. नारळ आणि मानकुराद. हंगामातली मासळी.

सहकाऱ्याला माझे उत्तर हे आहे. चांगली प्रेमकादंबरी दुसऱ्याच्या झुंबराखाली नेऊन आपल्याच घरातला हिशोब आपल्यापुढे ठेवते. राग न आणता, व्याख्यान न देता, हसवत हसवत. माझ्या टेबलावरून इतके दस्त गेले, कायद्याची कलमे मला तोंडपाठ आहेत, तरी जे मला दिसले नाही ते सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या एका बिनलग्नाच्या बाईने दाखवले.

गेल्या महिन्यात ताईला फोनवर ते प्रकरण सांगितले. ती खूप हसली. म्हणाली, "तू निदान आंबे तरी गोड पाठवतोस रे." मग थोडा वेळ दोघेही गप्प होतो. मी म्हटले, भाटाचा अर्धा भाग तुझ्या नावावर करतो. ती नको म्हणाली, पण या वेळी "कित्याक तें" असे म्हणाली नाही. तिच्या मुलीच्या शिक्षणाचे काय चालले आहे ते सांगू लागली.

आपल्या कायद्याने माझी बायको माझ्या मिळकतीची अर्धी मालकीण आहे, तेव्हा तिच्या सहीशिवाय काही होणार नाही. फॅनीकडे नुसते बोलणे होते, हिच्याकडे हक्क आहे. ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, की तिच्या माहेरच्या दस्तावर तिने जी सही केली होती, त्या वेळी मी तिला काय सांगितले होते, ते मला आठवते का? मला आठवत होते. मी म्हटले होते, भावाशी कशाला वाकडे घ्यायचे, करून टाक सही.

बक्षीसपत्राचा मसुदा माझ्या खणात आहे, त्या पुस्तकाखाली. चतुर्थीपूर्वी सह्या करायच्या असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.